पत्ता: ग्लीझे ५८१ डी

२८ ऑगस्ट २००९ या दिवशी ऑस्ट्रेलियात, कॅनबेराजवळच्या टिडबिनबिला केंद्रातून एक रेडिओ संदेश आकाशात सोडला गेला. एक संदेश म्हणायचं, पण त्यात जवळजवळ सव्वीस हजार संदेश होते. जगभरातल्या लोकांनी एका वेबसाइटवर टाईप केलेले, प्रत्येकी जास्तीत जास्त १६० अक्षरांचे. म्हणजे चक्क एसेमेस! पत्ता होता तूळ तारकासमूहातला ग्लीझे ५८१ नावाचा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा ‘डी’ हा ग्रह. अंतर सुमारे साडेवीस प्रकाशवर्षं.

पाच वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर: ग्लीझे ५८१ डी नावाचा ग्रह नाहीच.

म्हणजे बघा, पत्र टपालात पडलंय आणि ज्या घराच्या नावाने पाठवलं ते घरच नकाशावरून पुसलं गेलंय. पोस्टमन प्रकाशाच्या वेगाने निघालाय, त्यामुळे त्याला हाक मारून परत बोलावण्याची सोय नाही.

वाचून हसू येतं खरं. पण या ग्रहामागे जे लोक होते ते कुणी हौशेगवशे नव्हते. ग्रह शोधण्याच्या क्षेत्रातले जगातले सगळ्यात अनुभवी लोक होते ते. मग इतक्या हुशार माणसांना नसलेला ग्रह दिसला कसा? आणि तो नाही हे कळलं कसं? गेल्या वीस वर्षांत ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ अशा बातम्या आपण इतक्यांदा वाचल्या आहेत की त्यातल्या एकीची तरी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला हवी. म्हणून आजचा हा लेख.

आधी ताऱ्याची ओळख. विल्हेल्म ग्लीझे नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची एक यादी छापली. नंतर १९६९ मध्ये ती वाढवली. या यादीतला ५८१ क्रमांकाचा तारा म्हणजे आपला नायक. नाव म्हणजे निव्वळ अनुक्रमांक, सोसायटीच्या फ्लॅटला असतो तसा. हा तारा लाल बटू आहे. वस्तुमान सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी आणि प्रकाश सूर्याच्या जेमतेम सव्वा टक्का. इतक्या जवळ असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या आकाशगंगेतले साधारण चारातले तीन तारे असे लाल बटू आहेत. गंमत म्हणजे नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही. आपण रात्री जे आकाश बघतो ते म्हणजे जणू गावातल्या फक्त श्रीमंतांची यादी आहे. बहुसंख्य जनता अंधारात. हे तारे आपलं इंधन फार काटकसरीने वापरतात, त्यामुळे त्यांचं आयुष्य अफाट. सूर्याचं आयुष्य साधारण दहा अब्ज वर्षांचं, तर यातल्या लहानग्यांचं हजारो अब्ज वर्षांचं.

ग्रह शोधणाऱ्यांना हे तारे आवडण्याची दोन कारणं. एक, तारा हलका असला की ग्रहाच्या ओढीने तो जास्त डुलतो. दोन, तारा मंद असला की पाणी द्रवरूपात राहू शकेल असा पट्टा ताऱ्याच्या अगदी जवळ येतो. पृथ्वीला सूर्याकडून जितकी ऊब मिळते तितकी ग्लीझे ५८१ कडून मिळवायची असेल तर त्याच्यापासून सुमारे १ कोटी ६५ लाख किलोमीटरवर राहावं लागेल. आपण सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहोत. जवळच्या ग्रहाचं वर्ष छोटं असतं, काही आठवड्यांचं. त्यामुळे त्याच्या बऱ्याच फेऱ्या थोड्या काळात बघून होतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला ही किती सोयीची गोष्ट आहे ते सांगायला नको.

आता ‘डुलतो’ म्हणजे काय ते बघू, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही एका सामायिक बिंदूभोवती फिरतात. ग्रह मोठं वर्तुळ काढतो, तारा एवढंसं. त्यामुळे तारा कधी आपल्या दिशेने येतो, कधी दूर जातो, आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा त्या तालावर किंचित निळ्याकडे किंवा लालकडे सरकतात. रुग्णवाहिका जवळ येताना आणि लांब जाताना सायरनचा आवाज बदलतो, तसंच. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगाने डुलतो. पृथ्वीमुळे फक्त नऊ सेंटिमीटर. २००३ मध्ये चिलीतल्या ला सिया वेधशाळेत ३.६ मीटरच्या दुर्बिणीला ‘हार्प्स’ नावाचा वर्णपटमापक जोडला गेला. तो सेकंदाला एक मीटर इतका सूक्ष्म फरक टिपू शकत होता. आपण रमतगमत चालतो तो वेग साधारण एवढाच. कित्येक प्रकाशवर्षं लांबचा, सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धगधगता गोळा रमतगमत येतोय की जातोय हे सांगणारं यंत्र. कमाल आहे की नाही?

या यंत्राने २००५ मध्ये ग्लीझे ५८१ भोवतीचा पहिला ग्रह दिला. नाव ‘बी’. (‘ए’ म्हणजे स्वतः तारा, म्हणून ग्रहांची मोजणी बी पासून.) नेपच्यूनएवढा जड, ५.४ दिवसांचं वर्ष, ताऱ्याला अगदी चिकटलेला. राहण्याच्या दृष्टीने काही कामाचा नाही, पण सिग्नल इतका स्पष्ट की वादाला जागाच नाही.

खरी धमाल झाली एप्रिल २००७ मध्ये. जिनिव्हाच्या स्टेफान उद्री आणि सहकाऱ्यांनी आणखी दोन ग्रह जाहीर केले. ‘सी’ चं वर्ष १३ दिवसांचं आणि वस्तुमान पृथ्वीच्या किमान पाचपट. ‘डी’ चं वर्ष ८३ दिवसांचं आणि वस्तुमान त्याहून जास्त. सी वरचं तापमान ० ते ४० अंश सेल्सियस असावं असा अंदाज पत्रकात दिला होता. म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वर ते नागपूर! युरोपीय वेधशाळेच्या पत्रकातच तो राहण्याजोग्या पट्ट्यातला पहिला पृथ्वीसारखा ग्रह असल्याचं म्हटलं होतं. मग काय, जगभरच्या वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

इथे थांबून बघायला हवं की प्रत्यक्ष मोजलं काय होतं. ताऱ्याचा डुलण्याचा वेग आणि त्याचा काळ, एवढंच. त्यावरून ग्रहाचं अंतर निघतं आणि किमान वस्तुमान निघतं. आकार मोजलेला नव्हता. वातावरण आहे की नाही ते माहीत नव्हतं. पृष्ठभाग खडकाळ आहे की सगळा वायूच आहे तेही माहीत नव्हतं. ते ०ते ४० अंश वातावरण जमेत न धरता काढलेले होते. त्याच हिशेबाने पृथ्वीचं तापमान शून्याखाली अठरा येतं आणि शुक्रावर मस्त गारवा असायला हवा. प्रत्यक्षात शुक्रावर शिसं वितळतं.

आणि झालंही तसंच. त्याच वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी हवामानाचा हिशेब मांडला आणि सी बाद झाला. त्याला मिळणारी ऊर्जा पृथ्वीच्या दुपटीहून जास्त, शुक्रालाही मागे टाकणारी. पाणी असलंच तर उकळून गेलेलं असणार. पण जाता जाता या हिशेबांनी डी ला थोडी आशा दाखवली. डी ला पृथ्वीच्या सुमारे चौथा हिस्सा ऊर्जा मिळते, मंगळाहूनही कमी, पण वातावरण भरपूर जाड असेल तर चालून जाईल बुवा.

पण बातमी एकदा पसरली की पसरली. ९ ऑक्टोबर २००८ रोजी क्रिमियातल्या येवपातोरियाच्या ७० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून ५०१ संदेश ग्लीझे ५८१ सी कडे पाठवले गेले. ते निवडले होते ‘बेबो’ या सोशल नेटवर्कच्या सभासदांनी. आठवतंय का बेबो? ऑर्कुटच्या जमान्यातलं, ब्रिटनमध्ये जास्त चालणारं. सी वर शुक्रापेक्षा जास्त ऊन पडतं हे तोवर छापून आलेलं होतं.

२००९ मध्ये त्याच जिनिव्हाच्या गटाने जास्त निरीक्षणं घेऊन हिशेब पुन्हा केला. त्यात चौथा ग्रह ‘ई’ मिळाला, वर्ष ३.१५ दिवसांचं. आणि डी च्या बाबतीत एक दुरुस्ती झाली. त्याचं वर्ष ८३ दिवसांचं नसून ६७ दिवसांचं निघालं. सॉफ्टवेअरवाल्या वाचकांना हे लगेच कळेल: अलायझिंग. तारा रोज चोवीस तास बघता येत नाही. दिवसा बंद, ढग असले की बंद, वर्षातले काही महिने तो सूर्याच्या बाजूला गेला की बंद. अशा भोकं पडलेल्या डेटात खऱ्या आवर्तनाच्या शेजारी खोटी आवर्तनं उगवतात. ८३ हा आकडा ६७ ची वार्षिक सावली होता. नव्या हिशेबात डी ताऱ्याच्या थोडा जवळ आला, म्हणजे थोडा उबदार झाला. याच उत्साहात ऑस्ट्रेलियातून ते सव्वीस हजार एसेमेस निघाले.

आता चित्र असं होतं: सी फार गरम, डी जरा थंड, आणि मधली खुर्ची रिकामी. २९ सप्टेंबर २०१० ला त्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. अमेरिकेतल्या स्टीव्हन व्होग्ट आणि पॉल बटलर यांच्या गटाने हार्प्सच्या प्रसिद्ध नोंदी आणि हवाईतल्या केक दुर्बिणीवरच्या आपल्या नोंदी एकत्र केल्या आणि आणखी दोन ग्रह जाहीर केले. त्यातला ‘जी’ हा सगळ्यांना हवा होता तसाच. ३७ दिवसांचं वर्ष, पृथ्वीच्या किमान तिप्पट वस्तुमान, नेमका पट्ट्याच्या मधोमध. व्होग्ट यांनी पत्रकारांपुढे, वैयक्तिक मत म्हणून, तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता शंभर टक्के वाटते असं सांगून टाकलं. ग्रहाला त्यांनी प्रेमाने आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं.

दोन आठवडेही झाले नव्हते. ऑक्टोबरमध्ये तुरीनमध्ये भरलेल्या परिषदेत जिनिव्हाच्या गटाचे फ्रान्सेस्को पेपे यांनी सांगितलं की आमच्या यंत्रावर, नव्या निरीक्षणांची भर घालूनही, आम्हाला जी दिसत नाही. मग सुरू झाला दोन-तीन वर्षांचा सामना. कुणी म्हणे कक्षा वर्तुळाकार धरल्या तर जी दिसतो, लंबवर्तुळाकार धरल्या तर दिसत नाही. कुणी वेगळी संख्याशास्त्रीय पद्धत लावली. तारा तोच, डेटाही बहुतांश तोच, आणि ग्रहांची संख्या तीनपासून सहापर्यंत काहीही. २०१२ मध्ये रोमन बालुएव या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की डेटातला नॉईज स्वतंत्र, सुटासुटा नाही. एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्रीच्या चुकीशी नातं सांगते. हे धरून हिशेब केला तर जी राहू दे, डी वरही शंका येते.

या सगळ्याच्या मध्ये, २०११ मध्ये, पॅरिसच्या एका गटाने ग्लीझे ५८१ डी च्या हवामानाचं त्रिमितीय मॉडेल तयार केलं. कार्बन डायऑक्साइडचं जाड वातावरण असेल तर तिथे समुद्र असू शकतील, ढग असतील, पाऊस पडेल, असा निष्कर्ष. काम उत्तम होतं, दुसऱ्या ग्रहांना लावता येईल असं. पण विचार करा, ज्या ग्रहावर पावसाचा अंदाज वर्तवला तो ग्रहच तीन वर्षांनी रद्द होणार होता.

असं याआधीही घडलंय. तीही गोष्ट लाल बटूचीच आहे.

भुजंगधारी तारकासमूहात, फक्त सहा प्रकाशवर्षांवर, बर्नार्डचा तारा आहे. एडवर्ड बर्नार्ड यांनी १९१६ मध्ये दाखवलं की हा तारा आकाशात सगळ्यात वेगाने सरकतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान डी काम्प यांनी १९३८ पासून या ताऱ्याचे फोटो काढायला घेतले. काचेच्या प्लेटांवर, वर्षानुवर्षं. १९६३ मध्ये, दोन हजारांहून जास्त प्लेटा मोजून, त्यांनी जाहीर केलं की ताऱ्याची वाट किंचित लहरते, म्हणजे गुरूपेक्षा थोडा मोठा ग्रह त्याच्याभोवती आहे. पुढे ते दोन ग्रह म्हणायला लागले. पाठ्यपुस्तकांत नोंद झाली. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात ‘डिडॅलस’ या तारायानाचा आराखडा केला. ५४ हजार टनांचं, अणुसंमीलनावर चालणारं, प्रकाशाच्या १२ टक्के वेगाने जाणारं यान. ते कुठे पाठवायचं ठरलं? अर्थात बर्नार्डच्या ताऱ्याकडे.

१९७३ मध्येच दोन धक्के बसले. जॉर्ज गेटवूड आणि हाइनरिख आइखहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांच्या प्लेटा मोजल्या, त्यात लहर नव्हती. आणि व्हान डी काम्प यांच्याच वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांनी तिथल्याच दुर्बिणीच्या प्लेटांवर ग्लीझे ७९३ हा दुसराच तारा मोजला. तर तोही त्याच वर्षी तसाच हललेला! दोन ताऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही, मग दोघं एकदम कसे हलले? हलली होती दुर्बीण. १९४९ मध्ये तिच्या भिंगाची चौकट बदलली होती, तेव्हापासून आकाशातला प्रत्येक तारा किंचित सरकलेला दिसत होता. सर्व्हरचं हार्डवेअर बदललं आणि ग्राफमध्ये उडी आली, तर आपण आधी हार्डवेअरकडे बघतो, तसं. व्हान डी काम्प यांनी मात्र १९९५ मध्ये मृत्यू होईपर्यंत आपले ग्रह सोडले नाहीत.

बर्नार्डच्या वेळी दोष यंत्रात होता. ग्लीझे ५८१ च्या वेळी यंत्र जवळजवळ निर्दोष होतं, आणि म्हणूनच चूक पकडणं जास्त अवघड होतं. कारण आता खोटं बोलत होता तारा.

तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. दोन्हींची बेरीज शून्य. पण एका कडेवर डाग आला, सूर्यावर असतात तसा, तर त्या बाजूचा प्रकाश कमी होतो आणि बेरीज बिघडते. चुंबकीय क्षेत्र जोरात असलं की पृष्ठभागावरची वायूंची उकळीही मंदावते, त्यानेही रेषा सरकतात. यंत्राला दिसतं एवढंच की तारा सेकंदाला एक-दोन मीटरने पुढेमागे होतोय. डाग ताऱ्याबरोबर फिरतो, त्यामुळे हा भास ठरावीक काळाने परत परत येतो. अगदी ग्रहासारखा.

२०१४ चा निबंध लिहिणाऱ्या गटात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे पॉल रॉबर्टसन, सुव्रत महादेवन आणि अर्पिता रॉय, आणि टेक्सासचे मायकेल एन्डल होते. त्यांनी नवीन दुर्बीण वापरली नाही. हार्प्सचेच जुने वर्णपट घेतले आणि त्यातली हायड्रोजनची एक रेषा बघितली, जी ताऱ्याच्या चुंबकीय हालचालींबरोबर कमीजास्त होते. त्यावरून निघालं की तारा स्वतःभोवती १३० दिवसांत फिरतो. १३० चे निम्मे ६५. डी चं वर्ष ६७ दिवसांचं. मग त्यांनी वेगाच्या नोंदींमधून या चुंबकीय हालचालींचा वाटा वजा केला. डी चा सिग्नल खाली बसला. जी चा तर मागमूस राहिला नाही, कारण तो डी च्या हिशेबावरच उभा होता. आणि बी, सी, ई या आतल्या तीन ग्रहांचे सिग्नल आधीपेक्षा जास्त ठळक झाले! मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वात पटतो. दुरुस्तीने फक्त नको असलेलं पुसलं असतं तर संशय घेता आला असता. पण खरं होतं ते उजळलं आणि खोटं होतं ते विझलं. बग नीट सापडल्याची खूण अशीच असते.

यावरही आक्षेप आले. गिएम अँग्लादा-एस्कुदे आणि मिक्को तुओमी यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ मध्येच लिहिलं की अशी आधी वजाबाकी आणि मग शोध ही पद्धत बरोबर नाही, दोन्ही हिशेब एकत्र करायला हवेत. रॉबर्टसन यांच्या गटाने उत्तर दिलं. डी ची बाजू घेणारे त्यानंतर हळूहळू कमी झाले. आज ग्लीझे ५८१ भोवती तीनच ग्रह धरले जातात, तिघेही भाजून निघणारे.

आता यातली खरी मेख. लाल बटूंच्या राहण्याजोग्या पट्ट्यातल्या ग्रहांची वर्षं काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंतची असतात. आणि यातले बरेच म्हातारे तारे स्वतःभोवती फिरायलाही नेमका तेवढाच वेळ घेतात, किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे ताऱ्याच्या डागांचा भास येऊन पडतो तो बरोबर त्या जागी, जिथे आपण जीवसृष्टीसाठी घर शोधत असतो. सापळा नेमका आपल्या इच्छेच्या दारात लावलेला. पाच दिवसांच्या वर्षाचा नको असलेला तप्त ग्रह बिनबोभाट सापडतो आणि हवा असलेला ग्रह सापडल्यासारखा वाटतो. मग त्याला घाईघाईने ‘दुसरी पृथ्वी’ म्हणायचा मोह होतो, कारण सगळेच त्याची वाट बघत असतात, शास्त्रज्ञ, पत्रकार, निधी देणारे आणि आपण वाचकसुद्धा.

म्हणून मग ग्रह शोधणंच व्यर्थ आहे का? उलट. २०१६ च्या सुरुवातीला प्रॉक्सिमा सेंटॉरी या आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याची, ४.२ प्रकाशवर्षांवरच्या, तपासणी झाली. गटाचे प्रमुख होते तेच अँग्लादा-एस्कुदे. या वेळी हार्प्सने तारा जवळजवळ रोज रात्री बघितला, म्हणजे भोकांची भानगड कमी. शिवाय दुसऱ्या दुर्बिणी त्याच काळात ताऱ्याची चमक मोजत होत्या, म्हणजे डागांवर पाळत. ऑगस्टमध्ये जाहीर झालेला ११.२ दिवसांचा ग्रह नंतर २०२० मध्ये ‘एस्प्रेसो’ या नव्या यंत्रावरही दिसला. तो पट्ट्यात आहे. राहण्याजोगा आहे का? त्याचा तारा अधूनमधून भयंकर उसळतो. मार्च २०१६ मधल्या एका उसळीत तर तो क्षणभर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळला होता. अशा शेजाऱ्याजवळ वातावरण टिकतं का, हा प्रश्न उघडा आहे.

ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे सात ग्रह तर ताऱ्यासमोरून जाताना सावली पाडतात, त्यामुळे ते आहेत का हा वादच नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांचं केवढं कौतुक झालं होतं. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्यातल्या सर्वांत आतल्या दोघांकडे बघितलं. बी वर वातावरणाची खूण नाही, सी वर शुक्रासारखं जाड वातावरण नाही. पट्ट्यातल्या ई ची पहिली निरीक्षणं २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातून पक्कं उत्तर मिळालं नाही.

आणि बर्नार्डचा तारा? २०१८ मध्ये तिथे २३३ दिवसांचा ग्रह जाहीर झाला, २०२१ मध्ये तोही ताऱ्याच्या हालचालींचा भास ठरला. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये एस्प्रेसोने ३.१५ दिवसांचा ग्रह दिला, आणि मार्च २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीच्या नोंदी जोडून चार ग्रह पक्के झाले. चौघेही पृथ्वीपेक्षा लहान, चौघांचीही वर्षं सात दिवसांच्या आतली, चौघेही फार गरम. व्हान डी काम्प यांना हवे होते तसे नाहीत, पण ग्रह आहेत. १९६३ ते २०२५, बासष्ट वर्षं लागली. त्यांना साठ मीटर प्रति सेकंदही मोजता आले नसते, आणि हे ग्रह ताऱ्याला अर्ध्या मीटरपेक्षा कमी वेगाने हलवतात.

पुढच्या वेळी ‘राहण्याजोगा ग्रह सापडला’ अशी बातमी वाचाल तेव्हा मी तीन प्रश्न विचारायला सुचवेन. ग्रह सावलीने सापडलाय की डुलण्याने? डुलण्याने असेल तर तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो? आणि वातावरण कुणी बघितलंय, की फक्त अंतरावरून अंदाज आहे? बहुतेक वेळा ‘राहण्याजोगा’ या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की ताऱ्यापासूनचं अंतर बरं आहे. पत्रिका जुळली, अजून मुलगी बघितलेली नाही.

राहता राहिले ते संदेश. येवपातोरियाचा संदेश २०२९ च्या पहिल्या सहामाहीत पोचेल, ऑस्ट्रेलियाचा त्यानंतर साधारण वर्षभराने. दोघांनीही वाटेतला बराच मोठा टप्पा पार केलेला आहे. बेबो २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं. क्रिमियाचा ताबा २०१४ च्या मार्चमध्ये रशियाने घेतला, डी रद्द झाला त्याच वर्षी. म्हणजे एका पत्रावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला आणि दुसऱ्यावरचा घेणाऱ्याचा पत्ता गेला.

तारा मात्र तिथे आहे. संदेश पोचतील तेव्हा बी, सी आणि ई त्याच्याभोवती गरागरा फिरत असतील. तिथे वाचणारं कुणी असण्याची शक्यता जवळपास नाही. पण ज्यांनी ते १६० अक्षरांचे निरोप लिहिले त्यांना त्या वेळी उपलब्ध असलेली सगळ्यात चांगली माहिती हीच होती, आणि ती चुकीची आहे हे शोधून काढणारेही त्याच क्षेत्रातले, तोच डेटा वापरणारे लोक होते. पुन्हा पत्र पाठवायची वेळ आली तर पत्ता नीट तपासून घेऊ.

तूर्तास इतकंच.